बारावी वायर

मला बयाबाई आहेर हिचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. मी शामसुंदर क्षेमकल्याणी, टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, आणि मला हेवा कुणाचा, तर तिसरीत शाळा सोडून कळवणहून आलेल्या एका बाईचा! तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचो आणि मनात अगं-तुगं चालायचं. इथे मनातलंच लिहायचं ठरवलंय, तेव्हा चालवून घ्या.

गंगापूर रोडला, आनंदवलीच्या अलीकडे आमचं यशश्री अपार्टमेंट. खाली पार्किंग, वर तीन मजले, बारा घरं, लिफ्ट नाही. दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले आणि आमच्या घरांतली मोबाइलची रेंज गेली ती गेलीच. बोलायचं तर गच्चीवर जा. शेवटी सोसायटीने सगळ्यांत मिळून एक मोठं इंटरनेट घेतलं. जिन्याखालच्या कपाटात त्याची पेटी बसली, तिथून बारा घरांत बारा वायरी गेल्या आणि घरोघरी नेटवर चालणारे फोन आले. आमची लेक वेदिका कॅनडात असते. ती तिथून नंबर फिरवते आणि आमच्या हॉलमध्ये घंटी वाजते. हिचे, म्हणजे गोदावरीचे, गुडघे गेलेत, गच्चीवर जाणं तिला जमत नाही. त्या फोनवर तिचा सगळा जीव.

एक काळ होता, माझ्या सायकलची घंटी ऐकली की लोक दारात यायचे. 'क्षेमकल्याणी आले, आता लागेल फोन!' पावसात खांबावर चढलोय, उंदराने कुरतडलेली तारांची जोडी अंधारात नुसत्या बोटांनी शोधलीय. सीझनला द्राक्षांची पेटी न मागता घरी यायची. निवृत्त झालो, लोकांनी लँडलाइन काढून टाकल्या आणि पेटीही बंद झाली. ठीक आहे म्हटलं, जमाना बदलला.

पण यंदा द्राक्षांची पेटी आली. तिसऱ्या मजल्यावर, बयाबाईकडे!

बयाबाईचा नवरा लवकर गेला. तिने बारा वर्षं चार एकर डाळिंब एकटीने सांभाळलं. ठिबकच्या नळ्या स्वतः टाकल्या, स्वतः दुरुस्त केल्या. पोरगा संतोष सातपूरला कंपनीत लागला, तो तिला इथे घेऊन आला. शेत दिराच्या ताब्यात दिलं. आता शेतात राबलेल्या बाईने फ्लॅटमध्ये करायचं काय? ही जिन्यात बसून लसूण सोलायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायची. इंटरनेट कंपनीचा माणूस यायचा, त्याला चहा द्यायची आणि त्याच्या हाताकडे बघत बसायची. असं बघता बघताच ती शिकली.

दसऱ्यानंतर एकदा सगळ्यांचे फोन खरखरायला लागले, बोलता बोलता तुटायला लागले. मी टेस्टर आणि पक्कड घेऊन उतरलो. अर्थिंगमध्ये दोष आहे, असं ठणकावून सांगितलं. तोवर ही बाई शांतपणे उठली, कपाटाच्या जाळीवर वॉचमनने टाकलेलं पोतं उचललं आणि म्हणाली, "पेटी तापलीय हो भाऊ. तिला वारं नाय लागत." अर्ध्या तासात फोन सुरळीत. सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र असा जळफळाट झाला की रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हापासून जो तो 'बयाबाईंना विचारा'. बाकीच्यांचं एक वेळ सोडा, पण घरातली बायकोसुद्धा? "अहो, आवाज दोनदा उमटतोय, बयाबाईंना बोलवा ना," म्हणाली. मी इथे समोर बसलोय! वर वेदिकाला बयाबाईचा मोबाइल नंबरही देऊन ठेवला. का, तर 'अडीनडीला असावा, त्या रोज गच्चीवर पापड वाळत घालायला जातात.'

वेदिकाला नववा महिना लागला होता. गोदावरीचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. पहिलं बाळंतपण, आणि आई हजारो मैलांवर. "निदान फोनवर तरी असेन मी," एवढंच ती धरून बसली होती. मी म्हटलं, ठीक, फोन असा करतो की बयाबाईची गरजच पडणार नाही. महात्मा गांधी रोडला गेलो आणि चार अँटेनांचा राऊटर घेऊन आलो. दुकानदार सांगत होता, भिंतीतून आलेली वायर निळ्या खोबणीत घाला, पिवळ्या चार वेगळ्या कामाच्या. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या जन्माआधीपासून मी वायरी जोडतोय.

टेलिफोनच्या जोडीला उलटं-सुलटं नसतं. दोन तारा इकडच्या तिकडे झाल्या तरी घंटी वाजते. चौतीस वर्षं हेच हातात मुरलेलं. निळी खोबण कोपऱ्यात होती, वायर तिथवर ताणली जात होती. मी घातली पिवळीत. दिवे लागले. झालं काम म्हणून चहा प्यायलो. तो गुरुवार होता.

संध्याकाळपासून बिल्डिंगमध्ये बोंब. एकाचा फोन लागतो, शेजारच्याचा मुका. घटकेत चालू, घटकेत बंद. आमचाही मुका. कंपनीवाले म्हणाले, माणूस सोमवारी येईल. नेमकं गुरुवारी सकाळीच बयाबाईने कपाट पुसून काढलं होतं. माझ्या हातात आयतं कोलीत! पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, "ज्याचं काम त्याने करावं. फडकं मारायला ते काय देवघर आहे?" तिचा चेहरा उतरला. शनिवारी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या रात्री मात्र मला झकास जेवण गेलं. खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी गोदावरी आंघोळ करून फोनपाशी बसली. दिवस भरले होते. दर पाच मिनिटांनी रिसीव्हर उचलून कानाला लावायची आणि परत ठेवायची. "काहीच कसं ऐकू येत नाही हो?" मी म्हटलं, "तुझ्या बयाबाईची कृपा." गच्चीवर जाऊन मोबाइलवरून लावा म्हणाली, तर म्हटलं, "उद्या कंपनीचा माणूस येतोय ना."

दहाच्या सुमाराला दार वाजलं. गोदावरी आत देवापाशी होती. दारात बयाबाई, कपाळावर घाम. कपाट बंद म्हणून ती सकाळपासून घरोघर फिरत होती. प्रत्येक घरातली वायर भिंतीतून काढायची, वर संतोषने फोन लावून बघायचा, नाही लागला की वायर परत घालायची आणि पुढच्या घरी जायचं.

"भाऊ, ठिबकचं असंच असतंय," ती म्हणाली. "पाणी कुठं अडलं ते वरून दिसत नाय. एकेक कॉक बंद करत जायचं. अकरा घरं झाली. तुमची तेवढी एक वायर ऱ्हायली. काढून बघू?"

"माझ्या घरात दोष नाही," मी म्हणालो. "मी खात्यातला माणूस आहे."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "बरं. पण वहिनींना एक सांगा. आत्ता गच्चीवर तुमच्या जावयाचा, मयुरेशचा फोन आलता माझ्या मोबाइलवर. रातभर तुमचा नंबर लावतोय म्हणे. वेदिका सुखरूप हाय. बाकीचं ती आईला स्वतः सांगणार हाय, म्हणून तरी फोन लागला पायजे."

मी 'बरं' म्हणालो आणि दार लावलं.

आता ऐका माझी करणी. पोरगी सुखरूप आहे हे ऐकून छातीवरचा दगड उतरला, आणि त्याच क्षणी वाटलं, माझ्या लेकीची खबर हिच्या तोंडून? माझ्या जावयाने हिला फोन करायचा? देवघरातून गोदावरीने विचारलं, "कोण होतं?" मी म्हणालो, "कुणी नाही. बयाबाई. वायर काढू का विचारत होती." बस्स. पुढचं बोललोच नाही. म्हटलं, सांगतो दहा मिनिटांनी, माझ्या पद्धतीने. आणि पेपर घेऊन बाल्कनीत बसलो.

पेपर वाचून झाला तेव्हा घर गप्प वाटलं. देवघरात कुणी नाही, हॉलमध्ये कुणी नाही. दार उघडं, आणि तिचा मोबाइल जागेवर नाही. मी जिन्याकडे धावलो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर गोदावरी बसली होती. पाय लांब केलेले, चेहरा पांढराफटक, मोबाइल मुठीत घट्ट धरलेला. रेंज शोधत निघाली होती. एकेक पायरी बसत बसत चढली होती म्हणे. शेजारी बयाबाई तिचे गुडघे चोळत होती.

"माझं मन थाऱ्यावर नाही हो," गोदावरी रडत होती. "काहीतरी वाईट झालंय. नाहीतर पोरीने फोन केला नसता?"

"अवो वहिनी, पोरगी सुखरूप हाय की," बयाबाई म्हणाली. "भाऊंना मी मघाशी..."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे, पण तिला सगळं समजलं. आता ही बोलणार, आणि माझं उरलंसुरलं जाणार, असं मला वाटलं. पण ती गोदावरीकडे वळली.

"माझंच चुकलं बघा," ती म्हणाली. "जावईबापूंचा फोन आलता, ती सुखरूप हाय म्हणून. दारापर्यंत आले आन् सांगायचंच इसरले. वायरीच्या नादात ध्यानच नाय ऱ्हायलं."

"इतकं कसं विसरता हो बयाबाई?" गोदावरी पहिल्यांदाच तिच्यावर चिडली. बयाबाईने मान खाली घातली आणि गुडघे चोळत राहिली.

मी खाली घरात आलो. राऊटरमागची वायर धरली आणि पिवळ्या खोबणीतून उपटली; तिथून माझा राऊटर उलटा बाराही घरांच्या लाइनीत घोळ घालत होता. जिन्याखाली जाऊन खिशातल्या किल्लीने कपाट उघडलं, पेटी बंद केली, शंभर अंक मोजले आणि चालू केली. मग घरी येऊन राऊटर बाजूला ठेवला आणि ती वायर सरळ फोनमध्ये घातली. रिसीव्हर कानाला लावला तर आवाज होता. कपाटाची किल्ली मी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

बयाबाई गोदावरीला धरून घेऊन आल्या. तिला खुर्चीत बसवत होत्या, तेवढ्यात घंटी वाजली. गोदावरीने झडप घातली. "मुलगी? खरंच? कुणासारखी आहे गं?" पाच मिनिटं ती नुसती हसत आणि रडत होती. मग रिसीव्हर तिने माझ्याकडे नाही, बयाबाईंकडे केला. "घ्या, रडतेय बघा कशी." बयाबाईंनी हात मागे घेतले. "आधी आजोबा," म्हणाल्या.

मी रिसीव्हर घेतला. पलीकडून वेदिका म्हणाली, "बाबा? आवाज येतोय का?"

चौतीस वर्षं हाच प्रश्न मी खांबावरून लोकांना विचारत आलो होतो. "येतोय बाळा," मी म्हणालो. "स्वच्छ येतोय."

"मग तीन दिवस काय झालं होतं? दोष कुठे होता?"

गोदावरीनेही तेच विचारलं, "हो ना, कुठे होता हो दोष?"

"कुठं कायबी नाय, वायर जरा सैल झालती..." बयाबाई बोलायला लागल्या.

"नाही," मी म्हणालो. "दोष आपल्या घरात होता, वेदिका. मी लावला होता. बयाबाई सांगायला आल्या होत्या, मी त्यांना दारातून परत पाठवलं. आणि तू सुखरूप आहेस हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी तुझ्या आईला सांगितलं नाही."

गोदावरी माझ्याकडे बघत राहिली. फोनमधून फक्त बाळाचं रडणं येत होतं, अगदी स्वच्छ.