कूलरवरचा खटला आणि मी नेमलेला हवालदार

दरवर्षी कार्यक्रम उधळणाऱ्या माणसालाच मी हवालदार केलं.

कल्पना माझीच. दुसऱ्या कुणी सुचवली असती तर निदान दोष द्यायला एक माणूस मिळाला असता. ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही नागपूरच्या प्रतापनगरात राहायचो, आणि गल्लीच्या मंडळाने त्या गणपतीत अभिरूप न्यायालय ठेवलं होतं. म्हणजे खोटं कोर्ट. लिहिलेलं काही नाही. ज्याला जी भूमिका मिळेल त्याने ती धरून तिथल्या तिथे बोलायचं. आरोपी होता कूलर. रात्रभर घरघर करून लोकांची झोप मोडणे, बादल्यांनी पाणी पिणे आणि ऐन मे महिन्यात दगा देणे, हे त्याचे गुन्हे. एक लठ्ठ गृहस्थ अंगाभोवती वाळ्याचे पडदे गुंडाळून पिंजऱ्यात उभे राहणार होते. न्यायाधीश मी, कारण काळा कोट माझ्याकडे होता. दुसरी पात्रता आठवत नाही.

कूलरची वकील होती गल्लीतलीच एक मुलगी, कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेली. घराणं विणकरांचं. हातमाग उमरेडला राहून गेला आणि वडील नागपुरात कचेरीत लागले. मुलीला कॉलेजच्या वादविवादात उतरायचं होतं आणि वडील हो म्हणत नव्हते. गल्लीतला हा कार्यक्रम म्हणजे तिची परीक्षाच होती. मी परवानगी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "बोलू द्या. पण हुल्लड झाली तं मी उठलो समजा. मी उठलो का पोरगी बी उठली. मंग कॉलेजातलं भाषण बी बंद."

"हुल्लड होणारच नाही, काका. माझी जबाबदारी," मी म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो, हे विशेष.

हुल्लड करणारा एकच होता. लाकडाच्या वखारीत कामाला, आणि आवाजही करवत चालल्यासारखा. नाटकात नायकाच्या आधी त्याचं वाक्य म्हणायचं, गाण्यात मध्येच खोकायचं, भाषण करणाऱ्याला "पाणी पिऊन घ्या" म्हणायचं, ही त्याची गणेशभक्ती. जबाबदारी अंगावर पडली की माणूस सुधारतो, असं मी कुठेसं ऐकलं होतं. म्हणून त्याला खाकी टोपी दिली, लाठी दिली, आणि वर शिट्टीही दिली.

खटला सुरू झाला. मुलगी उठली, पदर सावरला, म्हणाली, "माय लॉर्ड…" आणि शिट्टी वाजली.

"बाई, आवाज खाली," हवालदार म्हणाला. "जजसाहेब झोपून राहिले."

लोक हसले. मी खलबत्त्यातला बत्ता टेबलावर आपटला. तो टेबलावर कमी आणि माझ्या अंगठ्यावर जास्त बसला. लोक आणखी हसले. मी हवालदाराला मागे जाऊन उभं राहायचा हुकूम दिला. तो गेला, आणि प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्याला दंडाला धरून घेऊन आला. "साहेब, याच्या खिशात तंबाखूचा खर्रा सापडला." म्हातारा खुशीत होता. मुलगी तोंड उघडायची की शिट्टी. शेवटी कोर्टाचा अपमान केला म्हणून मी त्यालाच अटक फर्मावली. त्याने आपल्याच हाताने आपली कॉलर धरली आणि स्वतःला ओढत मंचाला फेरी घातली. टाळ्या थांबेनात.

कोटाच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. खेळाच्या आत राहून मी जे करीन ते त्याच्या सोंगात भर घालत होतं. खेळाबाहेर येऊन खरं रागवावं, तर कार्यक्रम मोडला. समोर पाहिलं, तर पहिल्या रांगेत मुलीचे वडील एका पायाच्या अंगठ्याने खुर्चीखालची चप्पल चाचपत होते. ते मुलीलाही दिसलं. मी पडदा पाडा म्हणून सांगायला हात वर केला.

"माय लॉर्ड," ती म्हणाली, "माझा साक्षीदार हवालदार."

माझ्याकडे याहून बरं काही नव्हतं. मी मान हलवली. तो मिशीवरून हात फिरवत साक्षीदाराच्या जागी चढला.

"साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. शिट्टी कोर्टात जमा करा."

सोंग घेतलेलं, करतो काय. शिट्टी माझ्या टेबलावर आली.

"तुमच्या घरी कूलर आहे?"

"हाये."

"या उन्हाळ्यात बंद पडला?"

"पंप जळला त्याचा. तेच तं सांगून राहिलो."

"त्यात पाणी कोण भरतं?"

त्याची नजर बायकांच्या बाजूला गेली. त्याची बायको तिथे हाताची घडी घालून बसली होती. तो म्हणाला, "मीच भरतो."

"काहून खोटं बोलता जी?" बायको जागेवरूनच म्हणाली. "मी माहेरी गेली होती तं कोरडाच चालवला. बादली कुठं रायते ते तरी मालूम हाये का तुमाले?"

बायकांची बाजू फुटलीच हसून. त्याने उत्तरासाठी तोंड उघडलं.

"विचारल्याशिवाय नाही," मुलगी म्हणाली.

त्याने तोंड मिटलं. मग ती बोलली. पंप जळला तो पाणी नव्हतं म्हणून, पाणी नव्हतं ते आळसामुळे, आणि आळस कूलरचा नव्हता. सुरुवातीला कापणारा आवाज बोलता बोलता ठाम झाला. मागून कुणीतरी हूं केलं, तर साक्षीदारच वळून म्हणाला, "चूप बे. वकीलबाई बोलून राहिल्या." मी कूलरला निर्दोष सोडलं. दुसरं काही करायची माझी हिंमतही नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर वडील माझ्याकडे आले. मी आधीच नम्र चेहरा करून ठेवला होता. "पाहा काका, म्हटलं होतं ना, माझी जबाबदारी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोरगी कॉलेजात बी बोलते आता, अन् पुढच्या साली इथं बी पाठवतो तिले," ते म्हणाले. "जज तेवढा दुसरा पाहजा गा."