सिद्दीकमामांची पहिली इमर्जन्सी

सिद्दीकमामांनी शिरूर ते चौफुला वडापची, म्हणजे फाट्याफाट्यावर माणसं भरून नेणारी, जीप एकवीस वर्षं चालवली. एवढ्या वर्षांत गाडी भरल्याशिवाय त्यांनी कधी हलवली नाही, आणि भरली म्हणजे नक्की किती, हे त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे जीप कुरकुरायला लागली, मामांचे गुडघेही कुरकुरायला लागले, तेव्हा केडगावच्या या गृहस्थानं कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात ड्रायव्हरची नोकरी धरली.

तिथलं काम मोठं नवलाचं होतं. कारखान्याच्या दारात मोटरसायकलींची इतकी दाटी व्हायची की मालाचा ट्रक आत वळेना. कंपनीची बस फुकट, तरी जो तो आपापल्या गाडीवर एकटा यायचा. विचारलं तर म्हणायचा, घरी काही झालं तर संध्याकाळच्या बसची वाट बघत बसू का? यावर मॅनेजर पृथ्वीराजसाहेबांनी तोड काढली. जो बसनं येईल, नाहीतर दुसऱ्याच्या मागं बसून येईल, त्याच्या घरी अडचण आली तर कंपनीची पांढरी गाडी त्याला थेट दारापर्यंत सोडेल. ती गाडी मामांच्या हवाली झाली.

निम्मे लोक बसनं यायला लागले आणि सगळ्यांच्या घरची दुखणी एकदम पळाली. दीड महिना कुणाच्या घरी साधा ताप आला नाही. मामा गाडी पुसायचे, पुसलेली पुन्हा पुसायचे, आणि कँटीनमध्ये प्रत्येकाच्या म्हाताऱ्या माणसांची इतक्या आस्थेनं चौकशी करायचे की माणसं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायला लागली.

अखेर एका मंगळवारी सकाळी अकराला बोलावणं आलं. पॅकिंगमधल्या सविताला न्हावऱ्याला पोचवायचं होतं. ऑफिसातल्या तेजश्रीमॅडमनी फॉर्म वाचून दाखवला. रुग्णाचं नाव चंद्री, नातं घरची, कारण बाळंतपण, अडलेलं. मॅडम पुण्याच्या, मनानं हळव्या. त्यांनी मामांना जपून पण लवकर जायला सांगितलं आणि डोळे टिपले.

मामांनी तळेगाव ढमढेऱ्याच्या रस्त्यानं जी गाडी काढली, ती हॉर्नवरचा हात न काढता. मागच्या सीटवर सविता रुमाल पिळत बसली होती. नवरा दौंडला गेलेला, घरी सासू एकटी. पोरीला धीर द्यावा म्हणून मामांनी विचारलं, "पहिलंच का गं?"

"न्हाई मामा. तिसरं वेत हाय."

मामांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी एका बाभळीखाली उभी राहिली. त्यांनी आरशात बघत विचारलं, "म्हैस हाय व्हय?"

सवितानं मान डोलावली. तिनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. माणूस की जनावर, असं फॉर्मवर कुणी विचारलंच नव्हतं. गुरांचा डॉक्टर फोन उचलत नव्हता, सासूबाईंना गुडघ्यामुळं खाली बसता येत नव्हतं, आणि चंद्री पहाटेपासून कळा देत होती. सांगता सांगता तिला रडू फुटलं. आपण परत फिरायला हवं, हे मामांना कळत होतं. पण दीड महिन्यानं मिळालेली इमर्जन्सी अर्ध्या वाटेवरनं माघारी कशी न्यायची? आणि अडलेली ती अडलेलीच. त्यांनी गिअर टाकला.

गोठ्यात चंद्री आडवी पडली होती आणि सासूबाई, तुळजाबाई, काठी टेकून तिला दम देत होत्या. पांढऱ्या शर्टातला, छातीवर कंपनीचा बिल्ला लावलेला माणूस आत आलेला बघून म्हातारीला हायसं वाटलं. "आलात का डॉक्टर," त्या म्हणाल्या. आपण डॉक्टर नाही हे मामा सांगेपर्यंत त्यांच्या हातात साबण आणि गरम पाण्याची बादली आली होती.

तेवढ्यात खऱ्या डॉक्टरचा फोन लागला. तो इनामगावात दुसऱ्या गोठ्यात अडकला होता. तिथनंच तो सांगत गेला. रेडकाचा एक पाय मागं दुमडला होता. सवितानं कोपरापर्यंत हात घालून तो सरळ केला. मग मामांचा गमछा रेडकाच्या पायांना बांधला, आणि कळ आली की मामांनी ओढायचं असं ठरलं. चौथ्या कळेला रेडकू बाहेर आलं आणि मामा शेणात उताणे पडले. चंद्री मान वळवून रेडकाला चाटायला लागली. तुळजाबाई म्हणाल्या, डॉक्टर नवीन दिसतोय, पण हाताला गुण हाय.

मामा हौदावर हात धुवत होते तेव्हा तेजश्रीमॅडमचा फोन आला.

"मुलगी झाली, मॅडम. दोघी बऱ्या हायेत."

मॅडमना फार आनंद झाला. त्यांनी विचारलं, "वजन किती आहे हो?"

मामा सरळ माणूस. अंदाज घेऊन म्हणाले, "असंल तीस किलो."

पलीकडं मॅडम फॉर्म पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

चहा घेतल्याशिवाय तुळजाबाईंनी त्यांना सोडलं नाही. ओसरीवर बशीत चहा ओतताना मामांच्या मनात आलं, एकवीस वर्षं याच न्हावऱ्याच्या फाट्यावर आपण हजारो माणसं उतरवली, पण उतरलेला माणूस एवढ्या घाईनं कुठं जातो, ते आज बघितलं.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीराजसाहेबांनी त्यांना समोर उभं करून अर्धा तास झापलं. कंपनीची गाडी म्हणजे काय, रुग्ण म्हणजे काय, सगळं समजावलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, रेडी दूध ओढते का नीट? साहेबांच्या घरीही चार म्हशी होत्या.

शुक्रवारी सविता मोठा डबा भरून खरवस घेऊन आली. तेजश्रीमॅडमनी आधी लांबूनच वास घेतला, मग चमचा मागितला. साहेबांनी दोन वड्या खाल्ल्या, हात पुसले आणि नोटिशीवर सही केली. ही गाडी फक्त माणसांच्या अडचणीसाठी आहे, असं तीत ठळक लिहिलं होतं. खाली साहेबांनी पेनानं बारीक अक्षरात भर घातली: गाय-म्हैस अडल्यास मला भेटावे.

सोमवारी बसला उभं राहायला जागा उरली नव्हती.