आतून पांढरी

बदकाला कोणी सुंदर म्हटलं की अण्णा खूश व्हायचे नाहीत. 'आई कोण त्याची?' एवढंच विचारायचे. खडकीत आमच्या शेजारच्या बैठ्या घरात ते राहायचे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे चोळत बसतात. यांनी मागच्या अंगणात जाळी ठोकली, सिमेंटची टाकी बांधली आणि मँडरिन बदकं पाळली. त्या जातीचा नर म्हणजे अंगावर नुसती रंगपंचमी. आणि अण्णांना हवी होती पांढरीशुभ्र. आता बोला!

मला समोर बसवून ते समजावायचे. पांढऱ्या नराला रंगीत मादी दिली की पिल्लं सगळी रंगीतच होतात, पण पांढरा रंग त्यांच्यात लपून बसतो. अशा पिल्लाला अण्णांचा खास शब्द होता, 'आतून पांढरं'. तसली दोन एकत्र आली की एखादं पिल्लू खरोखर पांढरं निघतं. घाई असेल तर बापालाच लेक द्यायची. मी कानांवर हात ठेवायचे. 'बदकांना कसलं आलंय गोत्र,' अण्णा म्हणायचे.

काकू, म्हणजे अण्णांची बायको, त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. थोरला सुहास जन्मापासून अधू नजरेचा, विशीत पुरता आंधळा झाला. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं म्हणे, पण त्या घरात तो विषय कोणी काढत नसे. धाकटी शलाका ठणठणीत, खराडीला नोकरी करणारी. तिला अण्णांच्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या मुलाला द्यायचं हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. दोघांचं मनही जुळलेलं होतं.

पांढऱ्यांना घरचीच पांढरी देत देत अण्णांनी चौथी पिढी काढली, तेव्हा मला हौसेनं हाक मारली. अंडी उबवायच्या मशीनमधून काढलेली पिवळी पिल्लं दाण्यांच्या ताटलीतून तुडवत जात होती आणि खोक्याला धडकत होती. अण्णांनी एकाच्या डोळ्यांपुढे हात फिरवला. पापणी हलली नाही. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. मागे पायरीवर बसलेला सुहास विचारत होता, पिल्लं एवढी का ओरडतायत. अण्णांनी खोक्यावर फडकं टाकलं.

त्याच आठवड्यात अक्का सुपारी फोडायला आल्या. अण्णांनी नारळाला हात लावला नाही. म्हणाले, 'अक्का, तुझा मुलगा चांगला, माझी मुलगी चांगली. पण दोघंही आतून पांढरी असली तर?'

अक्कांना आधी कळेना. कळलं तशा ताडकन उठल्या. माझ्या पोराला बदक म्हणतोस, म्हणून जे बोलणं टाकलं ते अण्णांच्या तेराव्यालाही आल्या नाहीत. शलाका त्याहून चिडली. निदान रक्त तरी तपासून घ्या म्हणून अण्णा तिच्या विनवण्या करत राहिले. मी काही तुमच्या जाळीतली नाही, असं तोंडावर सांगून ती नोंदणी पद्धतीनं लग्न करून मोकळी झाली. अण्णांनी बदकं देऊन टाकली, टाकी कोरडी केली आणि वर्षभरात गेले. मला त्यांची अजून फार आठवण येते.

मागच्या रविवारी मी शलाकाचं बाळ बघायला गेले. चार महिन्यांचं, गोरंपान, गुटगुटीत. किती सुंदर गं, म्हणाले आणि जीभ चावली. पाळण्यावर लालभडक चिमण्या टांगल्या होत्या. बाळ त्यांच्या पलीकडे कुठेतरी पाहत होतं. माझा हात नकळत वर गेला. मी तो पदरात ओढून घेतला.

'फिरव ना, ताई,' शलाका म्हणाली. 'मी रोज सकाळी फिरवते.'