पाहणीच्या आदल्या दिवशीचा अहवाल

"ही त्याच वस्तीतली. हिलाच विचारा ना," असं म्हणत आमच्या गटविकास अधिकाऱ्यांनी मला दंडाला धरून पुढं केलं. बाजारात शेळी दाखवतात तसं.

इंदापूरचं विश्रामगृह. मी पंचायत समितीत रोजंदारीवर टायपिस्ट. दलित वस्त्यांचा निधी नीट वापरला का, ते तपासायला मुंबईहून विधिमंडळाची समिती आली होती. आमच्या वस्तीची पाण्याची टाकी बांधून झाली होती, पण पंचायत समितीच्या सभापतींच्या गोठ्यामागं. कागदावर कारण, 'तांत्रिक कारणास्तव जागेत बदल.' जागा ठरवायचा अधिकार कार्यालयाचा. माझी आई अजून कॅनॉलवरनंच हंडा आणत होती.

मुंबईच्या समितीचे अध्यक्ष आमच्याच समाजातले. त्यांची भाषणं ऐकत आम्ही वाढलो. वस्तीतल्या बाया रस्ता झाडून सकाळपासून हार घेऊन उभ्या होत्या. तीन वाजले तरी इथली जेवणं चाललेलीच.

"पाणी येतं का गं?" अध्यक्षांनी विचारलं.

आमचे गटविकास साहेब माझ्याकडं रोखून बघत होते. तरी मी बोलले, "न्हाय येत. टाकी गोठ्यामागं हाय. चला, दावते. गाडीनं धा मिनिटं."

अध्यक्षांनी हात पुसले. "जागा ठरवणं त्यांच्या अधिकारातलं आहे, पोरी. त्यात आम्ही कसं पडायचं?" बडीशेप तोंडात टाकली.

अंगाचा नुसता भडका उडाला. साहेबांकडून मी कधी काही अपेक्षाच केली नव्हती. पण ज्यांना जाब विचारायला निवडून दिलं, ते जेवून उठले!

मग अहवाल पुढं आला. 'प्रत्यक्ष स्थळपाहणी केली. ग्रामस्थ समाधानी.' आदल्या दिवशी मीच टाइप केलेला. दर दौऱ्याला तसंच चालायचं, अहवाल आधी, पाहणी नंतर. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही, याची आजही लाज वाटते. खाली 'वस्तीचे प्रतिनिधी' म्हणून माझी सही हवी होती.

"कर सही. उद्या कामावर यायचंय ना?" साहेब म्हणाले.

"न्हाय करत."

अध्यक्षांनी मान वर केली नाही. पेन काढलं आणि स्वतःची सही ठोकली.

संध्याकाळी बायांना सगळं सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "म्हंजी, त्येंनी बी?" दुसऱ्या दिवशी माझं काम गेलं.

आता वस्तीत कुठलाही सरकारी कागद आला की मी तो चारचौघात मोठ्यानं वाचते. जागेवर जाऊन बघितल्याशिवाय आमची सही नाही, अंगठा नाही. साहेबाला नाही. आपला म्हणवणाऱ्याला तर मुळीच नाही.