प्रेसमधल्या कॉम्प्युटरची डोकेदुखी

लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये बिघडलेली कार्डं कोणी फेकत नाही. मागची कोरी बाजू कामाला येते म्हणून ती साठत जातात. किश्शांचंही तसंच. तेलंगणातल्या भैंसा गावात नागोराव काकांच्या प्रेसमध्ये मी आठ वर्षं छपाईचं मशीन चालवलं, आणि माझ्याकडे साठलेले निम्मे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. सुनंदाच्या डोकेदुखीचे!

काकांचं आयुष्य शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेलं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, तरी ते भराभर वाचायचे आणि सगळ्यांना ऐकवायचे, "उलटं अक्षर वाचणारे डोळे हायेत हे. यायले चष्मा नाई लागत."

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर घेतला. आख्खी गल्ली बघायला आली. चपला बाहेर, नारळ फोडला, मॉनिटरला हळदकुंकू! त्यावर बसायला सुनंदा आली. वावरात भाजी पिकवणाऱ्या किसनरावांची मुलगी, मराठी आणि तेलुगू दोन्ही झपाझप टाइप करणारी. आम्ही खूश, गिऱ्हाईक खूश, आणि पंधराव्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं.

* * *

पहिला इलाज बामचा. काकूंनी डबीच आणून दिली. सुनंदाने कपाळावर, कानशिलांवर असा काही थापला की मशीनपाशी माझेही डोळे झोंबायला लागले. तिच्या डोळ्यांतून तर धारा.

तेवढ्यात एक बाप मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. सुनंदा नवरीचं नाव टाइप करतेय आणि डोळे पुसतेय. तो माणूस बघत राहिला, मग त्याचाही ओठ थरथरायला लागला. शेवटी हुंदका देत म्हणाला, "बाई, तुमी काऊन रडता? लेक तं माही चालली!"

* * *

मग कोणीतरी सांगितलं, अधूनमधून हिरवं बघावं. आमच्या खिडकीतून दिसायचं ते जिनिंगचं आवार, आणि तिथे कापसाचे पांढरेशुभ्र ढीग. तिकडे बघून डोळे आणखीनच दिपायचे.

सुनंदाने घरून मेथीची जुडी आणली आणि मॉनिटरवर ठेवली. दहा ओळी झाल्या की मेथीकडे बघायचं. तासाभरात दोन गिऱ्हाइकांनी मराठीत आणि एका मास्तरांनी तेलुगूत भाव विचारला. संध्याकाळी काकू ती जुडी घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी काकांच्या डब्यात डोळ्यांचं औषध होतं, मेथीचं बेसन.

* * *

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली होती. स्क्रीनखाली उजेड कमीजास्त करायची एक बिनखुणेची चकरी होती. सुनंदा संध्याकाळी ती अर्ध्यावर ठेवून जायची आणि सकाळी बघावं तर उजेड भसाभस. "व्होल्टेज!" असं आम्ही ठरवून टाकलं, आणि व्होल्टेज चढलेलं असताना दिवसा चकरीला हात लावायचा नाही, असा काकांचा नियम. विजेवाल्यांना मी शिव्या दिल्या, सुनंदाने दिल्या, आणि सगळ्यात जास्त काकांनी दिल्या. ते स्वतः जाऊन स्टॅबिलायझर घेऊन आले. भला मोठा, घरघर करणारा.

आता डोकं ठणकायला तालही मिळाला.

* * *

सगळ्यात जबरदस्त इलाज माझा होता. गावात सूर्यग्रहण लोकांनी एक्स-रेची फिल्म डोळ्यांपुढे धरून पाहिलं होतं. म्हटलं, सूर्य चालतो तर स्क्रीन काऊन नाही चालणार? काकांच्या छातीचा जुना एक्स-रे घरून मागवला आणि चिकटपट्टीने मॉनिटरवर लावला.

उजेड मऊ झाला. सुनंदा दोन दिवस हसत काम करत होती आणि मी छाती फुगवून फिरत होतो. तिसऱ्या दिवशी बाजारहत्नूरहून नवरदेवाचे मामा प्रूफ बघायला आले. स्क्रीनवर डोकावले आणि दोन पावलं मागेच सरकले. "ओ भाऊ, कार्डावर गणपती टाका, मोर टाका, हे हाडं नका टाकू. आमच्या इकडं चालत नाई."

काकांना मात्र त्या फिल्ममधून काही दिसेना. नाक स्क्रीनला लावून ते म्हणाले, "व्होल्टेज लय कमी झालं." आणि चौथ्या दिवशी सकाळी बरगड्यांमागून उजेड नुसता भडकलेला!

* * *

इथपर्यंत हसत होतो. मग एक दिवस किसनराव प्रेसमध्ये आले. शांत माणूस, पण त्या दिवशी बसलेही नाहीत. "नागोराव, पोरगी घरी आली का डोकं बांधून झोपते. डोळे गेले तं तिनं करावं काय? दसऱ्याले घेऊन जातो मी तिले."

ते गेल्यावर सुनंदा मला म्हणाली, "दादा, इथं मले लोक ऑपरेटर म्हणतात. वावरात मंग भेंड्याच तोडा लागतीन." त्या दिवशी बाम लावलेला नव्हता, तरी डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. दसऱ्याला दहा दिवस उरले होते.

* * *

त्याच आठवड्यात एक डॉक्टर डोळ्यांच्या शिबिराचं पत्रक छापायला आले. देवच पावला! मी त्यांना सुनंदाचे डोळे तपासायला लावले. त्यांनी बॅटरी मारली, वर-खाली बघायला सांगितलं, भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचून घेतलं. म्हणाले, "डोळे एकदम चांगले आहेत. हिला चष्म्याची गरज नाही."

मग डोकं का दुखतं?

पत्रकाचं प्रूफ तयार होतं. काकांनी टेबलावरचा कागद उचलला, हात लांब केला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले, "मोफत नेत्र तपासणी शिबिर! सर्वांनी लाभ घ्यावा!" सगळं कसं बिनचूक. डॉक्टर त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "काका, तुमच्या हातात लग्नपत्रिका आहे."

* * *

चार दिवसांत काकांचा चष्मा नांदेडहून आला. काळी फ्रेम, जाड काच. काका दोन दिवस तो खिशातच घेऊन फिरले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी प्रेसमध्ये लवकर पोहोचलो. काका नेहमीसारखे एकटेच होते. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, अगरबत्ती ओवाळली, कुंकवाचं बोट लावलं आणि रोजच्या सवयीने हात खाली नेऊन चकरी पार उजवीकडे फिरवली. मग दाराकडे बघितलं. मी मशीनच्या आड होतो. कोणी नाही असं पाहून त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि स्क्रीनकडे वळले.

"अरे बापा!" करून ते खुर्चीसकट मागे सरकले.

त्याच वेळी सुनंदा दारात आली आणि तिच्या मागे किसनराव, एक दिवस आधीच तिला न्यायला आलेले. काकांनी एका हाताने डोळे झाकले आणि दुसऱ्या हाताने स्क्रीन दाखवली.

"किसनराव, या, पाहा तुमच्या पोरीचं काम! एवढा उजेड ठेवून बसते. डोकं नाई दुखीन तं काय होईन?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी चकरीकडे पाहिलं. ती पुढे आली, वाकून चकरी अर्ध्यावर आणली आणि खुर्चीत बसली.

"बाबा, तुमी वावरात जा," ती म्हणाली. "मले काम हाये."