पास्कूच्या नावावर लिहिलेली गाडी

गाडी चांगली की वाईट, हे पास्कू तिच्यात आडवा होऊन ठरवायचा. चपला बाहेर काढायचा, मागच्या दारातून आत शिरायचा आणि छातीवर हात ठेवून उताणा पडायचा. मग आतूनच हाक मारायचा, "दार लागतं का बघा." तो सहा फुटी होता. त्याचे पाय न दुमडता दार लागलं, की गाडी पसंत.

आमच्या उमेळे गावात तेव्हा रुग्णवाहिका नव्हती. गावच्या मंडळाची एक जुनी जीप होती आणि पास्कू तिचा ड्रायव्हर. कुणी पडलं, कुणाला झटका आला, की त्याच्या अंगणात हाक जायची. आतला आरसा तो मागच्या रस्त्याकडे नाही, आजाऱ्याच्या तोंडाकडे वळवून ठेवायचा. खड्डा दिसला की आधी सांगायचा, "आजी, आता हलेल हां. मला चार शिव्या द्या." आजी खरंच द्यायच्या, आणि तेवढ्यात खड्डा मागे पडायचा.

जीप थकली तेव्हा मंडळाने नवी गाडी घ्यायचं ठरवलं. मी शाळेत मास्तर, म्हणून मंडळाचा चिटणीसही मीच. हायवेवरच्या शोरूममध्ये आम्ही दोघंच गेलो. तिथे शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या होत्या. एक जुन्या मॉडेलची, बंद होणारी, त्यांच्याकडची शेवटची. तिच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना लांब बाकं आणि मधे मोकळी जागा. दुसरी तिचाच नवा अवतार. गोलसर अंग, चकचकीत रंग, एसी, मऊ सीटा आणि मधोमध एक आडवी सीट.

पास्कू दोन्हींत झोपून आला. शोरूमचा माणूस घाबरला. "काका, काही होतंय का?"

"अजून नाय. होईल तेव्हा कसं वाटेल ते बघतो."

जुनीत दार लागलं. नवीत त्याला सरळ होताच येईना. बाहेर येऊन चपला घालत म्हणाला, "मास्तर, जुनीच घ्या. आजारी मानूस बसत नाय."

"ती बंद होतेय, पास्कू. उद्या पार्ट कुठून आणशील?"

"पार्टचं मी बघतो."

"आणि लोक काय म्हणतील? नवी समोर असताना जुनी उचलली?"

त्याने जुनीचं मागचं दार हळूच लावलं. मी बोललो ती खरी कारणं नव्हती. मे महिन्यात माझ्या मुलीचं, रोझीचं लग्न होतं. चर्चच्या दारात ती त्या चकचकीत गाडीतून उतरताना मला तिथेच दिसू लागली होती. मी नवी गाडी नक्की केली. त्या आठवड्यात इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, 'चालकाच्या पसंतीनुसार नवीन मॉडेल घेण्यात आले.' सर्वांनी सह्या केल्या.

लग्नाला गाडी पास्कूनेच फुलांनी सजवली. रोझीचा पदर दारात अडकू नये म्हणून स्वतः उतरून दार धरलं.

त्याच पावसाळ्यात बस्त्याव आजोबा विहिरीच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी त्यांना गाडीत घालायचा प्रयत्न केला. त्यांना बसवेना, आणि झोपवायला जागा नाही. त्यांचं ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत येत होतं. शेवटी भाजीचा टेम्पो आणला आणि पोत्यांवर घालून नेलं. आजोबा वाचले, पण पुन्हा चालले नाहीत.

मंडळाच्या सभेत कुणीतरी वही मागून घेतली आणि ती ओळ मोठ्याने वाचली.

"ड्रायव्हरला गादी पाहिजे होती!"

"साहेबांना एसीची हवा खायची होती!"

पास्कूने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी वहीची पानं सारखी करत होतो. तो उठून म्हणाला, "चुकलं माझं," आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने पाना घेऊन ती मधली सीट खोलली आणि आपल्या पडवीत नेऊन ठेवली. गाडीत गादी अंथरली. "आधी हौस केली, आता मोडतोड," असंही लोक बोलले. पुढे अकरा वर्षं त्याने त्या गादीवरून माणसं नेली.

बऱ्याच वर्षांनी मी एकदा धीर करून विचारलं, "सभेत तू बोलला का नाहीस?"

"पोरीचं लगीन होतं ना, मास्तर. बापाला हौस असते."

म्हणजे त्याला शोरूममध्येच कळलं होतं. "मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"सांगा की. मी कुठं नको म्हनतो?"

मी सांगितलं नाही. आज सांगू, नाताळ होऊ दे, नातू होऊ दे, असं करत पास्कूच गेला. दफनविधीनंतर कबरस्तानाच्या फाटकापाशी लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलत होते. एकजण म्हणाला, "गाडी तेवढी चुकीची घेतली बिचाऱ्याने." मीही होकारार्थी मान हलवली.

गेल्या महिन्यात ती वही काखेत घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, एलिझा, पडवीत वाल सोलत होती. "बसा मास्तर," म्हणून तिने त्या सीटकडे बोट केलं. मी उभ्यानेच ती ओळ वाचली आणि ती खोटी आहे, मी लिहिलेली आहे, हे सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. "मला ठाऊक हाय. गाडी आणली त्याच दिवशी सांगितलेलं त्यांनी," ती म्हणाली. "सभेनंतर मी म्हनलं, लोकांना सांगा. तर म्हनाले, मास्तर चांगला मानूस हाय, तो येऊन सांगेल. फाटक वाजलं की बघायचे."