गेलेल्या डोळ्याचे टक्के

गडमुडशिंगीचा केरबा ओतीव लोखंड घासायच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होता. एके दिवशी ग्राइंडरचं चाक फुटलं आणि त्याचा तुकडा उजव्या डोळ्यात घुसला. डोळा गेला. मालक विजयसिंह शहाळी घेऊन दवाखान्यात आला.

"नशीब म्हणायचं रं केरबा. दुसरा वाचला की."

"व्हय मालक. तुमचं तोंड बघाय ठेवलाय त्यो."

घरी आल्यावर केरबानं भरपाईचं नाव काढलं, तसा मालकाचा सूर बदलला. "चष्मा न घालता काम केलंस. चूक तुझी."

केरबाला हसावं की थुंकावं कळेना. डोळे जपायचे ते चष्मे केबिनच्या कपाटात कुलूपबंद असायचे. तपासणीचा साहेब येणार असला की तेवढे बाहेर निघायचे, आणि साहेब चहा पिऊन गेला की पुन्हा आत, ठेवणीतल्या शालूगत.

बायको पूर्णिमा म्हणाली, "सरकारी दवाखान्यात अपंगाचा दाखला तरी काढूया." तिथं डॉक्टरांनी तपासलं. "एक डोळा म्हणजे तीस टक्के. सवलतींना चाळीस लागतात."

"मग दुसराबी जरा फोडून घिऊ काय, सायेब?"

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "पुढचे या."

विजयसिंहाला हे आयतंच मिळालं. गावभर सांगत सुटला, "सरकारच म्हणतंय, केरबा धडधाकट हाय!" भाऊबंदांनाही ते पटलं. एरवी केरबाच्या उसाला पाणी पाजायला न येणारी ही मंडळी मालकाशी वैर नको म्हणून सांगायला मात्र ओळीनं आली. केरबा त्यांच्यापुढं चहा ओतायला गेला आणि चहा कपाबाहेर सांडला. अंतराचा अंदाजच येत नव्हता.

पूर्णिमानं त्याला ओढतच कामगार कार्यालयात नेलं. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दाखला सवलतींसाठी असतो. कामावर झालेल्या इजेची भरपाई निराळी. तिथं चाळीसची अट नाही. डोळा गेल्यानं तुमची कमाईची ताकद किती घटली, ते बघतात."

"आणि चष्म्याचं?" केरबानं विचारलं.

"चष्मा दिला होता आणि तुम्ही मुद्दाम काढला, हे मालकानं दाखवायचं. दोन वर्षांच्या आत दावा लावा म्हणजे झालं."

कोर्टात विजयसिंहानं आधी शपथेवर सांगितलं, हा माणूस माझ्याकडं कामालाच नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, मी ह्याला चष्मा दिलेला. केरबाच्या वकिलानं शांतपणे विचारलं, "कामालाच नसलेल्या माणसाला चष्मा कशाला दिलात?" विजयसिंहानं खिशातून रुमाल काढला. शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या इकबालनं कपाटाची खरी हकीकत सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं.

निकाल केरबाच्या बाजूनं लागला, व्याजासकट. भाऊबंद पेढे मागायला आले. "आमी म्हणतच हुतो, लढ म्हणून!"

"व्हय की. आवाज तेवढा आला न्हाय," केरबा म्हणाला, आणि पूर्णिमाला चहा टाकू दिला नाही.

भरपाईतून त्यानं जुना टेम्पो घेतला. आता इकबाल गाडी चालवतो आणि केरबा दुधाचे कॅन चढवतो. भांडत भांडत दोघांचं बरं चाललंय.